आत्याबाईंचा अर्धा ट्रंककॉल

माझ्या बायकोच्या आत्याबाईंनी आयुष्यात एकही गोष्ट 'असेल काहीतरी' म्हणून सोडून दिली नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. तुम्हीआम्ही दिवसातून वीस वेळा हे वाक्य म्हणतो आणि म्हणूनच आपले संसार सुरळीत चालतात. रस्ता खणलाय? असेल काहीतरी. आत्याबाई खड्ड्यापाशी थांबत, वाकून आत बघत आणि आतल्या माणसाला विचारत, "ही केबल निघाली कुठून आणि जाणार कुठे?" तो बिचारा म्हणे, मला इथे खणायला सांगितलंय. मग त्या मुकादमाला गाठत. गावभर फोनच्या नव्या केबली पडत होत्या त्या काळात एका सकाळी त्या सदाशिव पेठेतल्या आपल्या घरासमोरच्या चराला लागल्या, त्याच्या कडेकडेने चालत राहिल्या, आणि भर दुपारी कर्वेनगरात आमच्या दारात उभ्या ठाकल्या. चपला धुळीने माखलेल्या. "तुमच्या कोपऱ्यापर्यंत आलीय," त्या म्हणाल्या. "पाणी द्या. पुढचं उद्या बघू."

त्यांची माझी पहिली भेट आमच्या बघण्याच्या कार्यक्रमात झाली. मी वरुडचा. कंपन्या धडाधड उघडत होत्या तेव्हा विदर्भातून जी पोरं बॅग घेऊन पुण्यात उतरली, त्यांतला एक. नोकरी संगणकाची, म्हणजे नेमकी कसली हे वडिलांनाही समजावता न येणारी. मुलीकडचे पगार विचारतील, घर कधी घेणार ते विचारतील, अशी तयारी करून गेलो होतो. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून पांढऱ्या आखूड केसांच्या एक सडसडीत बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे संत्र्याच्या बागा. संत्र्याच्या झाडाला काटे असतात का हो?" "बघावं लागेल," मी म्हणालो. आमची स्वतःची बाग नव्हती हे खरं, पण संत्र्यांच्या गावात जन्म काढून हे ठाऊक नसणं मलाच बरं दिसेना. "हरकत नाही," त्या म्हणाल्या, "विचारून कळवा." बाहेर पडल्यावर पहिला फोन मी घरी केला. वडील म्हणाले, "खालच्या जंबेरी लिंबाच्या खुंटाले असतात, वर बांधलेल्या संत्र्याच्या कलमाले जास्त नाई. काऊन? पोरगी कशी हाय ते सांग ना." मी तेवढं उत्तर सासऱ्यांमार्फत पोचवलं आणि दोन दिवसांनी होकार आला. त्या दोन गोष्टींचा संबंध नसेलही, पण आत्याबाई आजवर तसंच समजतात.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची सोय नव्हती, कारण त्या लगेच तुमच्या लग्नाबद्दल विचारत आणि ते महागात पडे. टेलिफोन खात्यात त्या ट्रंक ऑपरेटर होत्या. आता बूथ आले, मोबाइल आले, त्यामुळे सांगावं लागतं. पूर्वी परगावी बोलायचं तर आधी कॉल नोंदवायचा, मग तास दोन तास घरात बसून वाट पाहायची, आणि मग एक्स्चेंजमधल्या बाई कानाला यंत्र लावून, समोरच्या फळीवर दोऱ्या खुपसून तुमची आणि नागपूरची गाठ घालून देत. तीन मिनिटं झाली की त्याच बाई मध्ये बोलत. पुढे बोलायचं असेल तर वाढवून मिळे, पण त्याच लाइनसाठी मागे रांग असली तर नाही. नियमाप्रमाणे ऑपरेटरने संभाषण ऐकायचं नसे, लाइन नीट लागलीय की नाही एवढंच पाहायचं. लाइन नीट लागलीय हे कळायला किती ऐकावं लागतं, याबद्दल मात्र नियमात काही नव्हतं. त्या फटीत आत्याबाईंनी सबंध नोकरी काढली. कोणाची म्हैस व्याली, कोणाचं वऱ्हाड कुठे अडकलं, सगळा देश त्यांच्या डाव्या कानातून जाऊन आला. तो कान पुढे अधू झाला तो त्यापायीच.

आणि या सगळ्यात एक कॉल अर्धा राहिला. तो मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलाय की मीच जोडून दिला होता असं मला वाटू लागलंय. आत्याबाई तेव्हा नोकरीत नव्या होत्या. अंदमानहून कॉल आला. दिवसभर खटपट करून लाइन मिळालेली, तीही समुद्रासारखी खळखळणारी. तिकडून बोलत होता आरमारातला एक तरुण पाणबुड्या आणि इकडे सदाशिव पेठेत त्याचे वडील. मुलगा घाईघाईने सांगत होता, "बाबा, इथे भर समुद्रात पाण्याखाली एक सुळका आहे. बेट नाही, नुसता डोंगराचा सुळका, वर काहीच दिसत नाही. त्याच्याभोवती शार्क फिरतात. मी उतरलो त्यांच्यात." वडील म्हणाले, "जेवणाची काय व्यवस्था?" मुलगा म्हणाला, जेवण चांगलं आहे, बाबा, पण ऐका. वडील म्हणाले, भात तुला मानवत नाही, पोळी मिळते का? मग पोळीवर बोलणं झालं. मग तिथल्या हवेवर. मग पुन्हा पोळीवर. आत्याबाई इकडे कानाचं यंत्र दाबून धरून बसलेल्या. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, सगळ्यात नवल म्हणजे..." आणि घड्याळाचा काटा तिसऱ्या मिनिटावर आला. मागे रांग होती. पर्यवेक्षिका मागे उभी होती. आत्याबाई नियमाप्रमाणे मध्ये बोलल्या, "तीन मिनिटं झाली," आणि दोरी काढली.

"मी काढली," त्या सांगत तेव्हा उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं हवेत पुढे करून ती दोरी पुन्हा एकदा काढून दाखवत. नंबर त्यांच्यासमोर होता. दुसऱ्या दिवशी त्या वडिलांना फोन लावून विचारता आलं असतं. पण 'तुमच्या मुलाचं बोलणं मी ऐकत होते' हे सांगायचं कोणत्या तोंडाने? म्हणून तो प्रश्न तसाच राहिला. सगळ्यात नवल म्हणजे काय? राग मात्र त्यांचा स्वतःवर नव्हता, घड्याळावरही नव्हता. तो होता त्या वडिलांवर. "मुलगा शार्कमधून वर आलाय आणि हा गृहस्थ पोळी विचारतोय," त्या म्हणत. "काय माणूस असेल." आमच्या घरात कोणी फोनवर 'जेवलास का' म्हटलं की त्या समोरच्या खुर्चीतून नुसतं बघत, आणि ते बघणं कोणालाही घास गिळू देणारं नसे.

निवृत्तीच्या आधी काही वर्षं ट्रंक एक्स्चेंजमधली गर्दी आटत गेली. गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे बूथ झाले, माणसं स्वतःच नंबर फिरवून स्वतःच बोलू लागली. आत्याबाई फळीसमोर बसून राहत आणि दिवे लागत नसत. घरी आल्या की केबलवर प्राण्यांचं चॅनेल लावत. शार्क दिसला की उठून टीव्हीच्या काचेला नाक लावत. एका रविवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं की निवृत्तीनंतर त्या पोहायला शिकणार आहेत. "काशीला जा की," त्यांच्याबरोबर राहणारे माझे सासरे म्हणाले. "तिथेही पाणी आहे." आत्याबाई म्हणाल्या, "काशीला शार्क आहेत का?" सासऱ्यांनी आमटीची वाटी पुढे ओढली. तेव्हा आम्ही हसलो. पुढच्या महिन्यात त्या खरोखरच तलावावर महिलांच्या बॅचला जायला लागल्यावर हसणं कमी झालं.

पोहायला शिकवणाऱ्या बाईंचे दिवस मी वर्णन करत नाही. माणूस तरंगतो तो पोटामुळे की छातीमुळे, नाकात गेलेलं पाणी शेवटी कुठे जातं, क्लोरिन कोणी चाखून बघितलंय का, ही सगळी पृच्छा काठाला धरून चाले आणि मागे बायकांची रांग लागे. पण शिकल्या. मग कोणीतरी त्यांना खडकवासल्याकडे राहणाऱ्या एका निवृत्त आरमारी अधिकाऱ्यांचा पत्ता दिला. हे गृहस्थ शनिवार-रविवारी एका खासगी तलावात संगणकवाल्या मुलामुलींना पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली राहायला शिकवत आणि वर्षातून एकदा अंदमानला नेत. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं, अंदमानच्या समुद्रात पाण्याखाली सुळका आहे तो ठाऊक आहे का? त्यांनी सांगितलं, आहे, बंदरापासून बोटीने चार-पाच तास, मी तिथेच नेतो मुलांना. आत्याबाईंनी पिशवी खाली ठेवली. मी त्यांना सोडायला गेलो होतो म्हणून पाहिलं. त्या पहिल्यांदाच काही न विचारता एका बाकावर बसल्या.

अधिकारी शिस्तीचे होते. पहिल्याच धड्यात ते म्हणाले, "बाई, सिलिंडरमधली हवा श्वासासाठी असते, शंकांसाठी नव्हे." आत्याबाईंनी त्यावर उपाय शोधला. पाण्याखाली बोलता येत नाही तर लिहायचं. जुन्या बाजारातून शाळेची दगडी पाटी आणली आणि ती बादलीत बुडवून पेन्सिल उठते का ते पाहिलं. मोरी पांढरी झाली, पाटी नाही. शेवटी अधिकाऱ्यांनीच पाण्याखाली लिहायची प्लॅस्टिकची पाटी दिली, बहुधा स्वतःच्या जिवाला शांतता म्हणून. ती दोन्ही बाजूंनी भरली की आत्याबाई वर येत, पुसत, आणि पुन्हा खाली जात. वर्गातली एक मुलगी, आमच्याच कंपनीतली, मला जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "तुमच्या आत्या म्हणजे ना, टू मच आहेत. काल मला पाण्याखाली लिहून विचारलं, लग्न ठरलं का म्हणून."

मग कानाच्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली, आणि तिथे गंमत संपली. तपासणीला मी आणि बायको बरोबर होतो. डॉक्टर लहानपणापासून आत्याबाईंना ओळखत, त्यामुळे जास्तच स्पष्ट बोलले. खोल जाताना कानात दाब वाढतो, तो नाक दाबून, फुंकून सांभाळावा लागतो, उजवा कान सांभाळेल, डाव्याची खात्री नाही. "फाटला पडदा तर शिवता येतो ना?" आत्याबाईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "शिवता येतो. पण तुमचा आतला भागच थकलाय. एकदा गेला की त्या कानाने ऐकू येईलच असं नाही. आणि माझं मत विचाराल तर, जाऊ नका." आत्याबाई थोडा वेळ स्वतःचा डावा कान चोळत बसल्या. ज्या कानाने त्यांनी पोट भरलं, ज्याच्यातून त्यांना उभा देश कळला, तो कान. डॉक्टरांनी अखेर एका अटीवर परवानगी दिली. दुखायला लागलं की त्याच क्षणी वर यायचं, वीतभरही खाली जायचं नाही. आत्याबाईंनी मान हलवली. मला तेव्हाच शंका आली, कारण त्यांनी ती अट का, कशासाठी, हे काहीच विचारलं नाही.

त्या गेल्या ते आठ दिवस आमच्या घरात कोणी धड बोललं नाही. बायको म्हणायची, "तू त्यांना तलावावर सोडायला जायला नको होतंस." मी म्हणायचो, मी नसतो गेलो तर त्या चालत गेल्या असत्या, आणि हे तिलाही माहीत होतं. मला मात्र खरोखर भीती वाटत होती. शार्कची वाटत होती, त्या कानाची वाटत होती, आणि सगळ्यांत जास्त वाटत होती ती अशी की एवढं करून त्या खाली जातील आणि तिथे काहीच नवल नसेल. अर्ध्या वाक्यावर माणसाने इतकी वर्षं काढलेली असतात. ते वाक्य पोकळ निघालं तर त्या परत येऊन काय करतील, हे मला कळेना.

शनिवारी संध्याकाळी फोन वाजला. बेटावरच्या बूथवरून होत्या. लाइन खळखळत होती. "जावईबापू," आत्याबाईंचा आवाज आला, "मी उतरले." माझा जीव भांड्यात पडला. मी म्हणालो, "कान दुखतोय का?" त्या म्हणाल्या, तो नंतर, आधी ऐका, सुळका आहे. मी म्हणालो, "रक्त वगैरे आलं का? डॉक्टरांना दाखवलंत?" त्या म्हणाल्या, शार्क आहेत, चांगले दहा-बारा, सगळे एकाच दिशेने सुळक्याला फेऱ्या मारतात, बागेत निवृत्त लोक मारतात तशा, एकमेकांकडे न बघता. मी म्हणालो, "बरं, बरं. पण तुम्ही काही खाल्लंत का? जेवलात का?" मग त्या म्हणाल्या, "जावईबापू, सगळ्यात नवल म्हणजे..." आणि लाइन तुटली.

मी रिसीव्हर हातात धरून उभा. बायको शेजारीच होती. "तू त्यांना जेवलात का विचारलंस?" ती म्हणाली. मी रिसीव्हर जागेवर ठेवला. त्या सदाशिव पेठेतल्या अनोळखी वडिलांची मला त्या क्षणी इतकी आठवण झाली, जणू ते माझे कोणी लागत होते. त्यांना शार्कमध्ये रस नव्हता असं नाही. त्यांना एवढंच हवं होतं की आपला मुलगा जिवंत असून पोळी खातोय, आणि ते विचारायला दुसरं वाक्य त्यांच्याकडे नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. परत फोन येईल म्हणून आम्ही जेवायचं ताट फोनपाशी आणलं, पण बूथ बंद झाला असावा.

स्टेशनवर त्या उतरल्या त्या डाव्या कानात कापूस घालून. बरोबरच्या मुलीने आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की निम्म्या वाटेवरच त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला होता, सरांनी वर चला म्हणून खूण केली, तर आत्यांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. सुळक्यापाशी गेल्या, एका खडकाला धरलं आणि हवा संपत येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. डावा कान कामातून गेला होता. डॉक्टरांनी नंतर पडदा शिवला, पण ऐकू आलं नाही. "तिथेच ठेवून आले म्हणा," आत्याबाई म्हणाल्या. डॉक्टर रागाने काहीबाही लिहीत राहिले. घरी पोचल्यावर मी त्यांची पिशवी उघडली तर वरच ती प्लॅस्टिकची पाटी होती, स्वच्छ कोरी. एक शब्द नाही.

मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो आणि विचारलं, "सगळ्यात नवल म्हणजे काय, आत्या?" त्यांनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं, बहुधा पोळीचा हिशेब मनात होता. मग म्हणाल्या, "त्या मुलाला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही. ते आता कळणारही नाही. त्याचं नवल त्याच्यापाशी. माझं सांगते. मी पाटी काढली, पेन्सिल धरली, आणि मला एकही प्रश्न पडला नाही. ते फिरत होते, मी बघत होते. काही विचारावंसंच वाटेना." त्यांनी कानातला कापूस नीट केला. "कानात कोणी बोलत नव्हतं, जावईबापू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा." मी चहा ठेवायला उठलो.

त्यानंतरचे काही दिवस मात्र वाईट गेले. आत्याबाई गप्प गप्प असायच्या. त्यांच्या घरासमोर पुन्हा खणायला घेतलं तरी त्यांनी खिडकीतून पाहिलं नाही. माझे सासरे, जे जन्मभर त्यांच्या शंकांना कंटाळले होते, ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "काहीतरी विचार म्हणावं तिला. घर खायला उठतंय." आम्ही मुद्दाम त्यांच्यासमोर अर्धवट बोलायला लागलो. कोणीतरी घर विकलं म्हणे, आणि पुढे काही नाही. त्या ऐकून घ्यायच्या. मग एक दिवस मी त्यांना संगणकावर पत्र कसं जातं ते दाखवत होतो. मी बटण दाबलं आणि म्हणालो, गेलं. त्यांनी पडद्याला नाक लावलं आणि विचारलं, "कुठून गेलं?" सासरे आतल्या खोलीत होते. ते टाळी वाजवत बाहेर आले.

आता आत्याबाईंचं वय झालंय. सदाशिव पेठेतला जिना झेपत नाही म्हणून बाहेर पडत नाहीत. उजवा कानही थकला. मी रोज संध्याकाळी कंपनीतून निघताना फोन करतो आणि मोठ्याने, रस्त्यावरची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्याने विचारतो, "आत्या, जेवलात का?" आधी त्या चिडायच्या. नंतर नुसतं 'हो' म्हणायला लागल्या. थोडं इकडचं तिकडचं बोलून झालं की आपणच म्हणतात, "तीन मिनिटं झाली," आणि ठेवून देतात. हल्ली बोलण्याला कोणी मिनिटं लावत नाही, मागे रांगही नसते, पण त्यांच्या हातातली दोरी अजून सुटलेली नाही.

परवा मी गडबडीत होतो. कामाचं काहीतरी बिनसलं होतं. फोन लावला, तब्येत विचारली, गोळ्या विचारल्या, आणि मला वाटलं आता त्या ठेवतील. ठेवला नाही. बराच वेळ नुसता श्वासाचा आवाज येत होता, पाण्याखालून यावा तसा. मग त्या म्हणाल्या, "जावईबापू, आज तुम्ही विचारलं नाहीत. बरे आहात ना?"

"विसरलो, आत्या."

"मग विचारा."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि विचारलं. "जेवले," त्या म्हणाल्या. "तुम्ही?"